जुन्या सीबीझेडचा पुढचा ब्रेक धरून बसतो: पाइप रबरी घ्यावा की ब्रेडेड?

चाकोरीबाहेर
मंडळी, नमस्कार. घरात २००२ ची हीरो होंडा सीबीझेड आहे. पहिली, १५६.८ सीसीवाली, नंतर आलेली एक्स्ट्रीम नव्हे. पुढे डिस्क, मागे ड्रम. इंजिन ठणठणीत आहे.

दुखणं असं आहे: घरून निघताना ब्रेक अगदी व्यवस्थित असतो. शहरातल्या गर्दीत अर्धा तास चालली की लिव्हर हळूहळू टणक होत जाते, तिची मोकळी चाल संपते आणि पुढचं चाक अडकायला लागतं. गाडी ढकलायला जड जाते. डिस्क प्लेटवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होतं. बाजूला लावून चहा पिऊन आलं की गाडी पुन्हा पहिल्यासारखी मोकळी.

मेकॅनिक म्हणतो, "पाइप आतून फुगलाय, काढून टाकू, ब्रेडेड मारू." हा ब्रेक ऑइलचा पाइप बहुतेक कंपनीचाच, रबरी, पहिल्यापासूनचा आहे; ब्रेडेड म्हणजे वरून स्टीलच्या तारा विणलेला. वरच्या टोकाशी वाकवून बघितलं तर बारीक भेगा दिसतात. प्रश्न दोन: रबरी लावावा की ब्रेडेड? आणि हे काम घरी जमण्यासारखं आहे का? साखळी, प्लग, केबली मी स्वतः बदलतो. ब्रेकला अजून हात लावलेला नाही.

तेलकट
ब्रेडेड. डोळे झाकून. विषय संपला.

मधली_आळी
डोळे झाकून ब्रेकचं काम करू नये एवढंच म्हणतो. बाकी चालू द्या.

रत्नागिरीकर
मेकॅनिक अगदीच चुकीचं सांगत नाहीये. रबरी पाइप जुना झाला की आतल्या थराचा पापुद्रा सुटतो. लिव्हर दाबताना ऑइल जोरात खाली जातं, पण परत वर येताना तो पापुद्रा आडवा येतो. बाहेरून पाइप नवाकोरा दिसला तरी आत हे झालेलं असू शकतं. आमच्याकडे समुद्राच्या हवेने तर टोकाच्या लोखंडी कॉलरला गंज चढतो आणि त्याच्याखाली रबर कधी कुजतं ते कळतही नाही. इतका जुना पाइप असेल तर बदलाच. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये दर चार वर्षांनी ब्रेकचा पाइप बदला असं चक्क छापलेलं असतं. आपण कोण बदलतो?

वऱ्हाडी_गडी
राजेहो, आमच्या अकोल्यात मे महिन्यात नुसती उभी गाडी असली तरी डिस्कवर पाणी चर्र करते. तुमच्या गाडीत बिघाड हाये की उन्हाळा हाये ते आधी पाहा बापा.

पाना_दहाबारा
पाइप बदलायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा. पाइपवर खर्च कराल, हवा काढता काढता रविवार जाईल आणि सोमवारी ब्रेक परत धरून बसेल. चाक अडकण्याची चार ठिकाणं आहेत आणि चारही ठिकाणं गाडीशेजारी उभं राहून वेगळी करता येतात.

गाडी मुद्दाम फिरवून ब्रेक धरू द्या. धरला की गार व्हायच्या आत मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागे दाबून पुढचं चाक उचलायला सांगा आणि हाताने फिरवून बघा. मग या क्रमाने जा:

आधी लिव्हरचा पिव्हट बोल्ट (ज्यावर ती फिरते तो) सैल करा, लिव्हर थोडी बाहेर ओढा. चाक सुटलं तर दोष लिव्हरमध्येच. नाही सुटलं तर मास्टर सिलिंडरवरचा (लिव्हरने चालणारा हँडलवरचा ऑइलचा पंप) पाइपचा पोकळ बोल्ट (बँजो) जरा ढिला करा, खाली भरपूर फडकी धरून. इथे सुटलं तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक बुजलंय. तरीही नाही सुटलं, तर बोल्ट परत आवळून खाली कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा बोल्ट, उघडा. आता सुटलं तर, आणि तरच, पाइप दोषी. निपल उघडूनही चाक जड असेल तर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलाय किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडल्यात.

ऑइल गरम असेल, डोळ्यांवर चष्मा घाला. टाकीवर आणि मडगार्डवर ओलं फडकं टाका. डिस्क ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, पाणी ओता.

चाकोरीबाहेर
पाना_दहाबारा, हे छापून गॅरेजमध्ये चिकटवतो. पिव्हट बोल्टचा मुद्दा कळला नाही. लिव्हरचा आणि चाक अडकण्याचा काय संबंध?

पाना_दहाबारा
लिव्हर कधी बदलली होती का? आधी ते सांगा.

राजदूतप्रेमी
डिस्कच्या भानगडीत पडूच नये. १९८३ ला राजदूत ३५० आली, तिला पुढेही ड्रमच होता. ती ज्या यामाहा आरडीवरून बनली त्या जपानातल्या गाडीला डिस्क, आपल्याला ड्रम. ना ऑइल, ना हवा, ना पाइप. केबल तुटली तर सायकलच्या दुकानात मिळायची.

मधली_आळी
काका, त्या गाडीबद्दल लोक अजून दोनच गोष्टी सांगतात. एक, ती किती पळायची. दुसरी, ती थांबायची नाही.

राजदूतप्रेमी
थांबायची. थोडं आधीपासून ठरवावं लागायचं, इतकंच.

कुंभार्ली_उतार
😄 धाग्यात जीव आला.

मूळ प्रश्नावर: माझ्या जुन्या पल्सरला मी ब्रेडेड पाइप टाकलाय, चिपळूण-कराड नेहमीचं येणं-जाणं. फरक जाणवतो तो लिव्हरमध्ये. रबरी पाइप दाबाने थोडा फुगतो, म्हणजे बोटाची थोडी चाल पाइप फुगवण्यात जाते. पुढच्या वेळी कुणाला तरी लिव्हर करकचून दाबायला सांगा आणि पाइपकडे बघा, जुना असेल तर फुगताना डोळ्याला दिसतो. ब्रेडेडमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि वरून स्टीलच्या तारांचं विणकाम, त्यामुळे ती चाल वाचते. लिव्हर दगडासारखी नाही होत, पण ब्रेक कुठे धरायला लागतो ते बोटाला नेमकं कळतं. घाट उतरताना याचा फार उपयोग होतो.

शंकासुर
म्हणजे गाडी लवकर थांबते का? हो की नाही?

कुंभार्ली_उतार
नाही. रबरी पाइप धडधाकट असेल तर चाक लॉक करण्याइतका दाब त्यातूनही जातोच. गाडी किती अंतरात थांबेल ते शेवटी टायर आणि रस्ता ठरवतो. ब्रेडेडने हुकमत वाढते, पकड नाही.

तेलकट
ताई, असहमत. हुकमत वाढली की थांबायचं अंतर कमी होतंच. ओल्या रस्त्यावर लॉक होण्याच्या अगदी काठावर ब्रेक धरून ठेवता आला तर फरक पडणारच की. आपल्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. नव्या १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. आपलं एबीएस म्हणजे आपलीच दोन बोटं.

कुंभार्ली_उतार
हे मान्य. पण मग "डोळे झाकून" म्हणू नका, "बोटं शिकवून" म्हणा.

म्युनिककर
इथे जर्मनीत ब्रेडेड पाइपला श्टालफ्लेक्स म्हणतात आणि जुन्या गाड्यांवर तो सर्रास दिसतो. पण पाइपसोबत एबीई नावाचा मंजुरीचा कागद लागतो, त्यात तुमच्या मॉडेलचं नाव हवं. मोटरसायकलची तपासणी दर दोन वर्षांनी होते. माझ्या वेळी तपासनीसाने हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाइप कुठे ताणतो, कुठे घासतो ते बघितलं होतं. रबरी पाइपला भेगा दिसल्या की गाडी परत पाठवायला तेवढं पुरतं. चाकोरीबाहेर यांनी भेगांचं लिहिलंय. बाकी निदान काहीही येवो, तो पाइप इथे पास झाला नसता.

वऱ्हाडी_गडी
इथं तपासनीस हॉर्न वाजवून पाह्यतो. वाजला की गाडी पास.

चाकोरीबाहेर
हो, लिव्हर बदलली होती. मागच्या पावसाळ्यात गाडी उभ्याउभ्या आडवी झाली, लिव्हर मोडली. कोपऱ्यावरच्या दुकानात कंपनीची नव्हती, मिळाली ती लोकल लावली. आता आठवतंय, ब्रेकचा त्रास त्यानंतरचाच असावा. पण त्या लिव्हरने ब्रेक पहिल्यापेक्षा लगेच लागतो म्हणून मी खूषच होतो!

पाना_दहाबारा
"लगेच लागतो" हेच तर लक्षण. सांगतो.

मास्टर सिलिंडरच्या आत, ऑइलच्या डबीच्या तळाशी दोन भोकं असतात. त्यातलं एक अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढं. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना आतला पिस्टन मागे येतो आणि ते बारीक भोक उघडं पडतं. ब्रेक तापला की ऑइल प्रसरण पावतं, आणि वाढलेलं ऑइल या भोकातून डबीत परत जातं.

लिव्हरच्या बुडाचा जो भाग पिस्टनला ढकलतो तो लोकल लिव्हरमध्ये किंचित जाड किंवा पुढे आलेला असतो. मग लिव्हर सोडली तरी पिस्टन केसभर आतच राहतो आणि भोक झाकलेलंच राहतं. गार असताना काही कळत नाही, उलट ब्रेक झटकन लागतो म्हणून बरं वाटतं. गर्दीत चारदा ब्रेक दाबला, ऑइल तापलं, वाढलं, त्याला वर जायला वाट नाही. ते पॅड ढकलतं, पॅड घासतात, आणखी तापतात, आणखी ढकलतात. अर्ध्या तासाने चाक जाम. गार झालं की ऑइल आकसलं, चाक मोकळं. तुमची कहाणी शब्द न शब्द हीच आहे.

खात्री करायला सोपी चाचणी: गाडी गार असताना ऑइलच्या डबीचं झाकण उघडा, लिव्हर अगदी हळू थोडीशी दाबा. भोक उघडं असेल तर पहिल्या हालचालीला ऑइलच्या पृष्ठभागावर छोटं कारंजं उठतं. काहीच हललं नाही तर भोक झाकलेलं आहे किंवा बुजलेलं आहे. झाकणाचे स्क्रू मऊ असतात, बरोबर मापाचा पेचकस घ्या, नाहीतर त्यांची चौफुली घासून जाईल आणि तो वेगळा धागा काढावा लागेल.

रत्नागिरीकर
क्या बात. मी माझा पापुद्रा मागे घेतो. (पाइप बदला हे मात्र मागे घेत नाही.)

शंकासुर
मग कानस मारून लिव्हर घासून टाकायची की. काम खल्लास.

पाना_दहाबारा
करतात लोक. मी नाही सांगणार. जास्त घासली गेली तर लिव्हरची मोकळी चाल वाढते. कंपनीची लिव्हर शोधा.

नानापेठी
पुण्यात असाल तर नाना पेठेत चक्कर मारा. जुन्या सीबीझेडचं सामान आता शोधावं लागतं; हीरो आणि होंडा २०११ च्या सुमारास वेगळे झाले, तरी जुन्या दुकानदारांकडे हीरो होंडाच्या पाकिटातला माल अजून कधीमधी निघतो. पण एक सावधगिरी: लिव्हर जुन्या पाकिटातली चालेल, रबरी पाइप नको. गोदामात पडून राहिला तरी रबराचं वय वाढतंच. पाइपवर उत्पादनाची तारीख असते आणि एसएई जे१४०१ असा ब्रेक पाइपच्या दर्जाचा शिक्का असतो, दोन्ही बघा. शिक्का नसलेला पाइप फुकट दिला तरी घेऊ नका.

ब्रेडेड घेणार असाल तर जुना पाइप काढून सोबत न्या. लांबी एका डोळ्याच्या (टोकाची गोल कडी, जिच्यातून बोल्ट जातो) मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. दोन्ही टोकांचे डोळे कोणत्या कोनात वाकलेत तेही जुळायला हवं, नाहीतर पाइप पिळून बसतो. बोल्टचा आटाही बघा. जपानी पद्धतीच्या ब्रेकला बहुतेक एम१० चा १.२५ आटा (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतो, ब्रेम्बोच्या ब्रेकला १.०. चुकीचा बोल्टही हाताने एकदोन फेरे जातो, मग पान्याने जबरदस्ती केली की मास्टर सिलिंडरचा आटा गेला.

तेलकट
आणि प्लास्टिकचं आवरण असलेलाच ब्रेडेड घ्या. उघड्या तारांचा पाइप टाकीचा रंग, स्पीडोमीटरची केबल, जे समोर येईल ते घासतो.

कुंभार्ली_उतार
बसवायच्या वेळी पाइप जुन्याच वाटेने, जुन्याच क्लिपांतून न्या. दोन्ही बोल्ट हलके लावून ठेवा आणि हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. मग पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण सुटू द्या, पाइप कुठेही ताणला जाता कामा नये. नंतर हँडलवर भार टाकून फोर्क दाबा, पाइप कुठे चिमटला जात नाही ना बघा. सगळं जुळलं की मगच बोल्ट आवळा.

शंकासुर
बोल्टला टेफ्लॉन टेप लावू का? नळाला लावतो तसा?

पाना_दहाबारा
नको!! तिथे आटा ऑइल अडवत नाही, वायसर अडवतात. डोळ्याच्या वर एक आणि खाली एक, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. ते आवळताना चेपून बसतात, म्हणून दर वेळी नवे. टेपचा तुकडा आत गेला तर तेच बारीक भोक बुजेल ज्यावर आपण सकाळपासून बोलतोय. होंडाच्या मॅन्युअलांत या बोल्टला साधारण ३४-३५ न्यूटन-मीटर दिलेले असतात. टॉर्क पाना नसेल तर आखूड पाना घ्या आणि पैलवानकी करू नका. पोकळ बोल्ट आहे, पिळून तुटतो.

सातारी_कंदी
आमचा मिस्त्री कॅलिपर खोलला की सगळं पेट्रोलमध्ये धुतो. लई चकाचक निघतंय. चालतं का?

पाना_दहाबारा
लोखंडाला चालतं, रबराला नाही. ब्रेकच्या सीलचं रबर डिस्क ऑइलसाठीच बनवलेलं असतं. पेट्रोल, घासलेट, डिझेल, ग्रीस, इंजिन ऑइल, काहीही लागलं की ते फुगतं. सील फुगलं की पिस्टन अडकतो, आणि मग "कालच सर्व्हिसिंग केलं तरी ब्रेक धरतोय" असा धागा निघतो. सील धुवायचे तर ताज्या डिस्क ऑइलनेच.

चाकोरीबाहेर
ऑइल कोणतं? दुकानदार म्हणतो डॉट ५ सगळ्यात भारी.

म्युनिककर
डॉट ५ अजिबात नको. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ब्रेकमधल्या ऑइलशी मिसळत नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलचे, एकाच कुळातले. गाडीच्या ऑइलच्या डबीच्या झाकणावर जे छापलंय ते घाला, तीनऐवजी चार चालेल. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चं २३०. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मग तेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. म्हणून छोटी सीलबंद बाटली घ्या. कपाटात अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका.

वऱ्हाडी_गडी
पाच नको पण पाच पूर्णांक एक चालते. हे नाव ठेवणाऱ्याचा सत्कार केला पाह्यजे.

रत्नागिरीकर
हवा काढण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. नवा पाइप पूर्ण रिकामा असतो, वरून लिव्हर मारत बसलात तर संध्याकाळ होईल. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि निपलवर बसेल अशी नळी आणा. नळी निपलला लावून खालून ऑइल हळूहळू वर चढवा, हवेला तसंही वरच जायचं असतं. वर डबी भरून वाहणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवा. शेवटी चारदोन वेळा नेहमीसारखं, लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मग लिव्हर सोडा. हा क्रम चुकला तर निपलमधून हवा परत आत.

एवढं करूनही लिव्हर मऊ लागली तर बुडबुडा बहुतेक मास्टर सिलिंडरजवळच्या वरच्या वळणात असतो. पाइपला बोटाने टिचक्या मारा. रात्रभर लिव्हर हँडलला कापडी पट्टीने बांधून ठेवली तर सकाळी फरक दिसतो, असं बरेच जण सांगतात.

पाना_दहाबारा
बांधून ठेवल्याने हवा जाते की विरघळते यावर वाद आहे. माझ्या मते सकाळी पट्टी सोडली की उरलेली हवा वर निघते. करून बघायला हरकत नाही. पण लिव्हर घट्ट झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.

सातारी_कंदी
वाचनखूण साठवली. आता मलापण गाडी घ्यायला पायजे.

चाकोरीबाहेर
अपडेट. उशीर झाला, लिव्हर मिळेपर्यंत थांबलो होतो.

आधी गार गाडीवर झाकण उघडून चाचणी केली: लिव्हर दाबली, ऑइल हललंसुद्धा नाही. मग गाडी गर्दीतून फिरवली, ब्रेक धरल्यावर पिव्हट बोल्ट सैल करून लिव्हर जराशी बाहेर ओढली, आणि चाक तिथल्या तिथे मोकळं फिरलं. पाइपला हातही लावला नव्हता. शेजारी ठेवून बघितलं तर लोकल लिव्हरचा तो उंचवटा कंपनीच्या लिव्हरपेक्षा उघड उघड पुढे आहे. कंपनीची लिव्हर लावली, कारंजं उठलं. घरच्यांना बोलावून दाखवलं, कुणाला काही विशेष वाटलं नाही.

पाइप मात्र बदलला. जुना कापून बघितला, रत्नागिरीकर म्हणतात तसा पापुद्रा वगैरे नव्हता, पण वरच्या कॉलरखाली भेगा बाहेरच्या थरातून पार रबराच्या आतल्या धाग्यांच्या विणकामापर्यंत गेल्या होत्या. जुनं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. मी साधा रबरी लावला, तारीख बघून. कुंभार्ली_उतार ताईंचं पटलं, पण मी घाटात फार जात नाही आणि त्या पैशांत पॅड आणि ऑइल दोन्ही आलं. हवा सिरिंजने खालून काढली. वेळ लागला तो डबीच्या झाकणाचे स्क्रू काढायला.

तेलकट
रबरी?! एवढं सगळं वाचून रबरी?

कुंभार्ली_उतार
बरोबर केलंत. पॅड नवे आहेत तर पहिले काही दिवस जोरात दाबू नका, बसू द्या त्यांना.

पाना_दहाबारा
छान. ती लोकल लिव्हर फेकून द्या. "असू दे स्पेअर म्हणून" असं म्हणून डिकीत ठेवू नका.

चाकोरीबाहेर
सीबीझेडला डिकी कुठे असते हो? पण फेकतो.

शंकासुर
प्रश्न: माझ्याकडे अॅक्सेसरीच्या दुकानातून घेतलेल्या, घडी होणाऱ्या रंगीत लिव्हर आहेत. त्यांना पण ही चाचणी लागू?

पाना_दहाबारा
त्यांना तर आधी. मोकळी चाल ॲडजस्ट करायचा स्क्रू असेल तर तो पार आत फिरवलेला नाही ना बघा. झाकण उघडा, हळू दाबा, कारंजं उठतंय का ते इथे लिहा.